ऑनलाइन शिकवताना थांबायचे कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी मूळचा अमरावतीचा, पण नोकरी सगळी अकोल्यात झाली. पंचवीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. फळा, खडू आणि समोर बसलेली मुले, एवढ्या भांडवलावर माझे बरे चालले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मोबाइलसमोर बसून शिकवण्याची पाळी आली. मी माझा पंचेचाळीस मिनिटांचा तास जसाच्या तसा रेकॉर्ड करून मुलांना पाठवू लागलो. किती जणांनी पाहिला, तो आकडा रोज बघायचा आणि खूश व्हायचे, असे काही दिवस गेले.

एका संध्याकाळी तेल्हारा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. घरात मोबाइल एकच. वडील शेतातून आले की तो तासभर तिला मिळायचा. ती म्हणाली, ‘‘सर, तुमचं आयकाले येते, पन मले काई इचारता येत नाई ना.’’

वर्गात हीच मुलगी गोंधळली की तिच्या चेहऱ्यावरून मला कळायचे आणि मी थांबायचो. पडद्यावर मी कुठेच थांबत नव्हतो. असे किती विद्यार्थी काही न बोलता मागे राहिले असतील, याचा हिशेब माझ्याजवळ नव्हता.

त्याआधी मी जी प्रशिक्षणे केली, त्यांत कॅमेरा कुठे ठेवायचा, कोणते बटण दाबायचे, हे शिकवले होते. ते लागतेच. पण समोर नसलेल्या विद्यार्थ्यासाठी पाठ कसा बांधायचा, हे वेगळे शास्त्र आहे आणि महाराष्ट्राला ते नवे नाही. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. त्या विद्यापीठाची पुस्तके उघडून पाहा. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये मध्ये स्वतःला तपासण्याचे प्रश्न. म्हणजे लेखक वाचकाला थांबवतो आणि कामाला लावतो.

पुढे आयआयटी मुंबईत प्रा. सहाना मूर्ती, प्रा. श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थिकेंद्री ऑनलाइन अभ्यासक्रमाची एक पद्धत बसवली. तिच्यात व्हिडिओच्या मध्येच विचाराचा थांबा असतो. शिक्षक प्रश्न टाकतो, विद्यार्थ्याला व्हिडिओ थांबवून उत्तर लिहायला सांगतो, आणि मग त्या उत्तराचा धागा धरून पुढे जातो. शिक्षकांचे प्रशिक्षणही त्यांनी याच रीतीने घेतले. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावरही अभ्यासक्रमाचे चार भाग मानले आहेत: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन. नुसता व्हिडिओ म्हणजे पाव अभ्यासक्रम.

हे वाचताना मला आपले गाडगेबाबा आठवले. आमच्या अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. बाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरेच असत. बाबा साधा प्रश्न टाकायचे, लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. ऐकणारा नुसता बसून राहत नसे.

मी सरासरीचा पाठ नव्याने बांधला. सहा-सात मिनिटांचे तुकडे केले. पहिल्याच तुकड्यात विचारले: पाच घरी कापूस झाला ४, ५, ५, ६ आणि ३० क्विंटल. सरासरी आली १०. आता सांगा, १० किंवा त्याहून जास्त कापूस किती घरी झाला? थांबा, वहीत लिहा. उत्तर, एकाच घरी. चार घरे सरासरीच्या खाली! मग मध्यक, म्हणजे मधला आकडा ५, कशासाठी लागतो, हे मुलांनीच मला सांगितले. ज्यांच्याकडे नेटवर्क नव्हते, त्यांना हाच प्रश्न साध्या मेसेजवर पाठवला. उत्तरे येऊ लागली. चुकीची आली, तीच मोलाची ठरली, कारण पुढचा तुकडा कशावर करायचा ते त्यांनीच ठरवले.

नंतर अमरावती-अकोल्याचे आम्ही काही शिक्षक एकत्र बसलो. नियम एकच ठेवला. प्रत्येकाने दुसऱ्याचा पाठ विद्यार्थी होऊन करायचा, तोही लहान मोबाइलवर, संध्याकाळच्या एका तासात. पुष्कळांचे पाठ त्या तासात संपलेच नाहीत. माझाही संपला नाही. कोणत्याही भाषणाने पटले नसते ते त्या एका तासाने पटवले.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझे सांगणे आहे. वर्ग पुन्हा भरू लागले असले तरी ऑनलाइन अभ्यासक्रम आता राहणार आहेत. पाठ तयार करण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा. हा पाठ संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे? तो कुठे थांबून स्वतः काही करील? आणि अडला तर विचारील कोणाला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिल्याशिवाय कॅमेरा सुरू करू नका.

ती मुलगी पुढे पदवीधर झाली. तिने फोन केला नसता, तर मी अजूनही आकडे बघून खूश होत राहिलो असतो.