कडधान्ये आणि पोटातील वायू

वाल, राजमा, हरभरा यांत रॅफिनोज व स्टॅकिओज या जटिल शर्करा असतात. त्या फोडणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, मानवी लहान आतड्यात तयार होत नसल्याने त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तेथील जीवाणूंनी त्या आंबवल्यामुळे वायू होऊन पोट फुगते. कडधान्य ८ ते १२ तास भिजवून ते पाणी टाकून दिल्यास या शर्करा काही अंशी निघून जातात. मोड आणल्यास बीजातील विकरेच त्या वापरू लागतात, आणि म्हणूनच मोडाचे वाल कोमट पाण्यात एकेक सोलून केलेली डाळिंब्यांची उसळ, वेळखाऊ असली तरी, अत्यंत विचारी पाककृती ठरते. सवय नसलेल्यांनी थोड्या प्रमाणापासून सुरुवात करून, आतड्यातील जीवाणूंना जुळवून घेण्यास काही आठवडे द्यावेत.