एकटी आहे, कमावते, मग पैसे मिळतील का?

मागच्या बैठकीत गटातली एक ताई हिरमुसून बसली होती. नवऱ्याने टाकून दहा वर्षं झाली, कापूस वेचून पोट भरते. कुणीतरी तिला सांगितलं, "तुझ्याकडे घटस्फोटाचा कागद नाही, शिवाय तू कमावतेस. तुला काही मिळायचं नाही." ती अर्ज न करताच परत आली.

बायांनो, इथे दोन योजनांची गल्लत झाली. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला 1500 रुपये मिळतात. विधवा, पोटगी न मिळणारी घटस्फोटित बाई, 35 वर्षांवरची अविवाहित बाई, अशा एकट्या बायका तिथे बसतात. पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत हवं. तीनशे रुपये रोज धरला तर ही सत्तर दिवसांची मजुरी! म्हणजे राबणारी बाई राबते म्हणूनच बाहेर पडते.

2024 च्या जुलैपासूनच्या लाडकी बहीण योजनेत मात्र उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. वय 21 ते 65. तिथे परित्यक्ता हा शब्द नियमातच आहे, म्हणजे टाकलेली बाई बसते. कुटुंबातली एक अविवाहित मुलगीही बसते. मजुरीला जाते म्हणून कुणी नाव कापू शकत नाही. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मात्र निराधारचे 1500 चालू असतील तर हे पैसे मिळत नाहीत. दोन्हीकडे नाव घालू नका, पुढे त्रास होतो.

आता काय करायचं? नवे अर्ज चालू आहेत का, ते आधी अंगणवाडीताईंना विचारा. निराधारसाठी तलाठी किंवा तहसील कार्यालयात जा. आधार, रेशनकार्ड आणि स्वतःच्या नावाचं, आधार जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. भावाचं किंवा दिराचं खातं देऊ नका. अर्ज दिला की पोच घ्या. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा.

आणि हो, 21,000 ची अट वाढवा, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडूया. एकटी बाई बोलली तर ऐकत नाहीत, म्हणून सगळ्या गटाने जायचं. आमच्या त्या ताईला मी सोबत घेऊन जाणार आहे. तुमच्या गटात अशी कोण आहे, तिला आजच विचारा.