शैवालातील संधिविचार



मराठीच्या अध्यापकाने समुद्रशैवालावर बोलावे, आणि तेही समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या साकेत नगरात, हे आपणांस विक्षिप्त वाटेल. निमित्त घरगुती आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही माई म्हणतो, तापाने अंथरुणास खिळल्या. औषधे बदलून झाली, ताप हटेना. तेव्हा डॉक्टरांनी लघवीचे कल्चर करावयास सांगितले. कोणते औषध जंतूला मारील हे ठरेपर्यंत आम्ही दोन दिवस जीव मुठीत धरून होतो. प्रयोगशाळेत माझा एक जुना विद्यार्थी नोकरीस आहे. त्याने मला एक बशी दाखविली. तिच्यात फिकट पिवळसर, थिजलेला थर होता. त्यावर जंतूंची साय धरली होती आणि औषधाच्या काही चकत्यांभोवती मात्र स्वच्छ वर्तुळे उमटली होती. तो म्हणाला, "सर, हा थर म्हणजे आपले चायना ग्रासच."

मी थबकलो. उन्हाळ्यात आई दुधात शिजवून, ताटात ओतून ज्याच्या वड्या पाडीत असे, तेच हे! नावात चीन आणि गवत असले तरी ही वस्तू गवताची नव्हे. ती तांबड्या समुद्रशैवालातून काढतात. शास्त्रज्ञ तिला अगर म्हणतात.

स्वयंपाकघरातून ती प्रयोगशाळेत आली तीही एका गृहिणीमुळे. १८८१ च्या सुमारास वाल्टर हेस हे डॉक्टर रॉबर्ट कॉख यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. जंतू वाढविण्यासाठी तेव्हा जिलेटिन वापरीत. पण ते उष्म्याने वितळे, शिवाय कित्येक जंतू तेच खाऊन त्याचे पाणी करीत. पत्नी फॅनी यांना हेस यांनी विचारले, तुझ्या जेल्या उन्हाळ्यातही कशा टिकतात? जावात राहून आलेल्या एका डच शेजाऱ्यांकडून त्या अगर वापरावयास शिकल्या होत्या. अगर उकळत्या पाण्याजवळच्या उष्णतेला वितळते, परंतु पुन्हा थिजते ते चाळीस अंशांच्या खाली. आणि रोगजंतूंना ते पचत नाही. कॉख यांनी १८८२ च्या क्षयाच्या जंतूवरील निबंधात अगरचा उल्लेख केला, फॅनीचा नाही. आपल्या मंडळांच्या अहवालांतही फराळ येतो, करणाऱ्या बायका येत नाहीत, असो.

आता थोडे रसायन, भिऊ नये. अगर, आणि आइस्क्रीममध्ये घालतात ते कॅराजीनन, या बहुशर्करा आहेत: गॅलॅक्टोज नावाच्या साखरेचे मणी ओवलेल्या लांब माळा. पुष्कळ मण्यांना गंधकाचा एक गट, सल्फेट, चिकटलेला असतो. हा गट सहाव्या जागी असला की माळेला तेथे बाक येतो, तिला नीट पीळ बसत नाही आणि जेली सैल होते. शैवालाजवळ एक विकर आहे. ते नेमका तो सल्फेट काढून टाकते, आणि त्याच क्षणी मण्याच्या तिसऱ्या व सहाव्या जागा एकमेकींस जोडल्या जातात. मणी आपली बैठक बदलतो, माळ पीळ घेते, जेली घट्ट होते. व्याकरण शिकविणाऱ्याला हे ऐकून संधीच आठवणार: एका वर्णाचा लोप, शेजाऱ्यांची जुळणी, आणि सबंध शब्दाचा ध्वनी पालटलेला! १९६१ साली रीस यांनी पॉर्फायरा या शैवालात या विकराचे काम दाखविले. कारखानदार हेच काम क्षारात शैवाल तापवून करतात; ते होते, पण शैवालाची शालीनता त्यात नाही.

या पॉर्फायरालाच जपानी लोक नोरी म्हणून भाताभोवती गुंडाळून खातात. त्याची जातभाई पावसाळ्यात आपल्या दक्षिण कोकणात व गोव्यातही खडकांवर उगवते. त्यातील सल्फेटयुक्त बहुशर्करा तोडण्याची विकरे माणसाच्या शरीराजवळ नाहीत. परंतु २०१० साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले की समुद्रातील जंतूंची ती विद्या जपानी माणसांच्या आतड्यांतील जंतूंनी उचलली आहे. पाहिलेल्या उत्तर अमेरिकन माणसांच्या आतड्यांत ती सापडली नाही. पिढ्यान्‌पिढ्या जेवताना, शैवालाबरोबर पोटात गेलेल्या जंतूंकडून ती आली असावी. भाषेत उसने शब्द येतात तेही असेच, जेवणाच्या पंक्तीत. शुद्धिवादी मित्रांनी राग मानू नये.

माईंचा अहवाल तिसऱ्या दिवशी आला. ज्या चकतीभोवती मोठे वर्तुळ होते ते औषध सुरू झाले, आणि चवथ्या दिवशी ताप उतरला. उशाशी बसून मी त्यांना बशीची ही सारी हकिगत सांगितली. त्यांनी डोळे मिटूनच ऐकली. मग विचारले, "दूध किती घालतात रे त्यात?"