नाव ठेवताना
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



ज्याला सहस्र नावे आहेत त्या गजाननाच्या मांडवात बाळाच्या एका नावावर बोलायला आपण मला उभे केले आहे. विषय हलकाफुलका वाटेल, पण घराघरांत त्यावरून अबोला धरला जातो हे येथे बसलेल्या आजी-आजोबांना ठाऊक आहे. नाव एकदाच ठेवतात, मग नावे जन्मभर ठेवली जातात!

पूर्वी बाराव्या दिवशी आत्याबाई पाळण्याशी वाकून कुर्रर्र करीत आणि आजोबांचे किंवा कुलदैवताचे नाव कानात सांगत. आता आत्या सांगलीला, बाळ कोलकात्याला, आणि नावांची यादी मोबाईलवर येते. त्यात कोठेही न ऐकलेले नाव शोधायचे, नाही सापडले तर आईच्या नावातले एक अक्षर व बाबांच्या नावातली दोन जोडून नवे घडवायचे. बारशाच्या पत्रिकेत नावाखाली कंसात अर्थ छापलेला असतो. अर्थ छापावा लागतो यातच सगळे आले. रेयांश हे नाव घ्या. त्यातला ‘अंश’ मला कळतो. तो कशाचा, ते कोणी समजावून दिले तर मी ऋणी राहीन.

तरीही नव्या नावाला सरसकट हसावे या मताचा मी नाही. आपल्यातल्या एका अगदी घरगुती नावाची गोष्ट सांगतो. कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांनी १९७३ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव आपल्या आवडत्या संगीतकारावरून, सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवले. बर्मनदा मूळचे कुमिल्ल्याचे, त्यांच्या नावाचे बंगाली रूप शचीन. शचीन म्हणजे शचीन्द्र, शचीचा पती, इंद्र. मराठीत येताना ‘श’चा ‘स’ झाला, ‘ची’ ऱ्हस्व झाली आणि शची बिचारी वाटेतच राहिली. आज मराठी माणसाला सचिन म्हणजे काय असे विचारा, तो इंद्राचे नाव घेणार नाही, बॅट फिरवून दाखवील. म्हणजे अर्थ हरवलेले नावसुद्धा चालते. मात्र ते तोंडात सहज बसले पाहिजे.

आपण ज्या प्रांतात राहतो तेथे तर नाव ठेवणे ही एक कलाच आहे. रवींद्रनाथांकडे लोक मुलांसाठी नाव मागायला जात. १९३३ साली शांतिनिकेतनात जन्मलेल्या एका मुलासाठी त्यांनी ‘अमर्त्य’ सुचवले. तेच आपले नोबेल मिळालेले अमर्त्य सेन. १९३८ मध्ये जन्मलेल्या नवनीता देव सेन यांचेही नाव रवींद्रनाथांनीच ठेवलेले. (मराठी माणसाला यावर आधी लोणी आठवते आणि मग शाळेतले गाइड, त्याला इलाज नाही.) पण पाहा, गुरुदेवांनी अक्षरे चिकटवली नाहीत. अमर्त्य हा वेदकाळापासूनचा शब्द. कोणी माणसाला लावत नव्हते, तो त्यांनी उचलला. आपल्या ज्ञानेश्वरीत, गाथेत, अगदी जात्यावरच्या ओव्यांत असे किती शब्द पडून आहेत! अनोखे नाव हवे असणाऱ्यांनी आधी तेथे शोधावे असे मला वाटते.

बंगाली शेजाऱ्यांकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांच्याकडे प्रत्येकाला दोन नावे, कागदोपत्री ‘भालो नाम’ आणि घरचे ‘डाक नाम’. डाकनामात सगळी हौस भागवून घेतात. आपल्याकडेही बंडू, चिंगी, बबन होतेच. आई-बाबांची अक्षरे जोडून केलेले नाव मला तेथे फार शोभून दिसते.

आता खास आपली अडचण. येथील शाळेत मराठी नावाचे काय होते ते पालकांना सांगायला नको. बंगालीत ‘व’ चा ‘ब’ होतो आणि आरंभीचा ‘य’ ‘ज’ होतो. वेदांतचा बेदांतो, वैभवचा बोइभोब, यशचा जोश! प्रज्ञाची प्रोग्गा होते. ‘ळ’ तर त्या लिपीत नाहीच, म्हणून हौसेने ठेवलेली झुळूक वर्गात झुलुक होऊन बसते. रुळलेले नाव असेल तर बंगाली बाई मूळ शब्द ओळखून घेतात. घडवलेल्या नावाला तो आधार नसतो. म्हणून माझी सूचना अशी, की नाव पक्के करण्यापूर्वी ते देवनागरी, बंगाली आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत लिहावे आणि शेजारच्या बंगाली मावशींकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

हे सगळे झाले हौसेचे. एका वेगळ्या प्रकारच्या नावाबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. मूल जगत नाही म्हणून दगडू, धोंडू, केरबा अशी नावे ठेवत, दृष्ट लागू नये, काळाने टाकाऊ समजून सोडून द्यावे म्हणून. बंगालातही तीनकडी, पाँचकडी म्हणजे तीन-पाच कवड्यांना विकत घेतलेला मुलगा. त्या ओबडधोबड नावांत माया होती. पण आपल्या सातारा जिल्ह्यात मुलींना नकुशा म्हणत. नको असलेली. बंगालात तिची बहीण आन्नाकाली, ‘आर ना, काली’, म्हणजे देवी, आता पुरे. ही नावेसुद्धा आई-बापांनी घडवलेलीच, आणि अर्थ एवढा स्पष्ट की कंसात छापायची गरज नाही. शाळेत हजेरी घेताना रोज तिला सांगितले जाई की तू नको होतीस, आणि तिने ‘हजर’ म्हणायचे.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात २८५ नकुशांना नवी नावे देण्याचा जाहीर समारंभ झाला. नव्या नावांची प्रमाणपत्रे त्यांच्या हाती दिली गेली. कोणी सिनेमातल्या नटीचे नाव घेतले, कोणी देवीचे. चोखंदळ लोक म्हणतील, नटीचे कशाला? मी म्हणतो, त्या पोरीने आयुष्यात प्रथमच स्वतःसाठी काही निवडले, तिला हवे ते घेऊ दे.

कागदपत्रांचे थोडक्यात. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव ठरलेले नसले तरी चालते. नाव पुढे १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि नंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नोंदवता येते. तेव्हा घाई करू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, पासपोर्ट या सर्वांसाठी हाच दाखला पुरावा म्हणून लागणार आहे, म्हणून इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर तपासून घ्या. हौसेने जादा घातलेला एखादा ‘ए’ किंवा ‘एच’ मुलाला प्रत्येक अर्जात सांभाळावा लागतो. आणि महाराष्ट्रात ज्यांची नातवंडे १ मे २०२४ नंतर जन्मली असतील त्यांच्या शासकीय कागदांत बाळाच्या नावानंतर आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव येईल. पश्चिम बंगालात हा नियम लागू नाही, पण गावाकडून कोणी विचारले तर सांगता यावे.

आरतीची वेळ होत आली आहे. कोणाच्या मनात एखादे नाव घोळत असेल तर प्रसादानंतर चिठ्ठीवर लिहून आणावे, तिन्ही लिप्यांत.