जुने वाहन आणि धक्काशामक : खर्च कोठे करावा?

टांगा हे प्रवासाचे नित्याचे साधन होते, त्या काळापासून पोलादी पाट्यांची कमान महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. पुढे वाहने बदलली, वेग वाढले. पाट्यांच्या जोडीला वेटोळ्याची स्प्रिंग आणि तेलाचे धक्काशामक आले. परंतु धक्काशामक, म्हणजेच नेहमीच्या भाषेतील शॉक अॅब्सॉर्बर, हा केवळ आरामाचा भाग आहे, हा समज कायम राहिला. त्यामुळे शाळेची व्हॅन असो की गावची रुग्णवाहिका, दुरुस्तीच्या यादीत हा खर्च नेहमी शेवटी ढकलला जातो. हा समज दूर होणे अगत्याचे आहे.

भार पेलणारा एक, उसळी रोखणारा दुसरा

स्प्रिंग वाहनाचा भार पेलते. दाबली गेलेली स्प्रिंग पुन्हा उसळते आणि काही काळ खालीवर होत राहते. ही उसळी रोखण्याचे काम धक्काशामकाचे होय. त्याच्या नळीतील दट्ट्या सरकला की तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीतील शक्तीचे उष्णतेत रूपांतर होते. तेल गळाले किंवा आतील झडपा झिजल्या म्हणजे हे कार्य मंदावते व चाक रस्त्यावर नाचू लागते. ब्रेक फक्त चाक थांबवितो. वाहन थांबते ते टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीमुळे. चाक क्षणभर उचलले गेले, तरी तेवढा वेळ ती पकड नसते. घाटातील ओल्या वळणावर या क्षणाची किंमत फार मोठी असते.

१९८४ मध्ये बाजारात आलेली व पुढे ओम्नी या नावाने ओळखली गेलेली मारुती व्हॅन हे याचे परिचित उदाहरण होय. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. तिच्या मागील चाकांना पाटे आणि धक्काशामक आहेत, तर पुढील चाकांना स्ट्रट आहेत. स्ट्रट म्हणजे स्प्रिंग व धक्काशामक यांची एकत्र जोडणी. स्टिअरिंगबरोबर चाक वळते, तेव्हा ही जोडणीही वळते. साहजिकच स्ट्रट झिजला की त्याचा परिणाम बसणाऱ्याच्या पाठीपुरता राहत नाही; चालकाच्या हातातील नियंत्रणही कमी होते.

झीज कशी ओळखावी?

यासाठी तंत्रज्ञच हवा असे नाही. ब्रेक लावताच वाहनाचे नाक खाली जाणे, खड्डा ओलांडल्यावरही वाहन झुलत राहणे, धक्काशामकाच्या नळीवर तेलाचे ओघळ दिसणे, टायर जागोजागी खोलगट झिजणे, खडबडीत रस्त्यावर खालून खडखड ऐकू येणे, ही लक्षणे पुरेशी बोलकी आहेत. पाट्यांच्या बाबतीत तडा गेलेला पाटा, सैल झालेला यू-बोल्ट आणि फाटलेले रबरी बुश पाहावे. वाहनाचा कोपरा हाताने दाबून सोडण्याची चाचणी उपयुक्त आहे. मात्र तेथे उसळी लगेच थांबली, म्हणून धक्काशामक निर्दोष ठरत नाही.

केवळ किलोमीटर मोजूनही भागत नाही. उन्हात उभ्या राहिलेल्या वाहनाचे रबर न चालताही कडक होते व त्यास भेगा पडतात. रुग्णवाहिका फारशी फिरलेली नाही, हे कारण तपासणी टाळण्यास पुरेसे नाही.

बदल करताना

धक्काशामक किंवा स्ट्रट एकाच बाजूचा बदलू नये. एका बाजूस नवा आणि दुसऱ्या बाजूस थकलेला भाग असल्यास दोन चाके वेगवेगळ्या रीतीने वागतात. म्हणून पुढील दोन किंवा मागील दोन असे जोडीने बदलावेत. स्ट्रट उतरवलाच आहे, तर त्यावरील रबरी बैठक, बेअरिंग व धूळरोधक आवरण तपासून त्याच वेळी बदलावे, म्हणजे मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही. खालच्या दांड्याचे बुश व बॉल जॉइंट यांचीही पाहणी याच वेळी करावी.

स्ट्रटवरील स्प्रिंग प्रचंड दाबाखाली असते. योग्य साधनाने ती आवळल्याशिवाय वरील मधला नट सोडल्यास ती उसळून प्राणघातक इजा होऊ शकते. त्यामुळे हे काम साधने असलेल्या कार्यशाळेतच करवून घ्यावे. वाहन केवळ जॅकवर उचलून त्याखाली शिरू नये. भक्कम टेकू द्यावेत. रबरी बुशचे बोल्ट वाहनाचा भार चाकांवर आल्यानंतर अखेरचे आवळावेत, अन्यथा रबर पिळले जाऊन लवकर फाटते. स्ट्रट बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करणे आवश्यक असते.

दरपत्रक मागविताना

खरी अडचण येथे उद्भवते. सभेपुढे तीन दरपत्रके येतात आणि सर्वांत कमी रकमेचे मान्य होते. पुष्कळदा ती रक्कम कमी असते, कारण त्यात एकच बाजू धरलेली असते, अलाइनमेंट वगळलेले असते किंवा जुनेच बुश पुन्हा बसविण्याचे योजलेले असते. यास्तव मागणीपत्रातच कोणते भाग, किती नग, जोडीने बदल व अलाइनमेंट यांचा स्पष्ट उल्लेख असावा, म्हणजे तुलना समान कामाची होते. काढलेले जुने भाग कार्यशाळेकडून परत घ्यावेत व दिनांक आणि किलोमीटर यांची नोंद वाहनाच्या नोंदवहीत करावी.

१ एप्रिल २०२३ पासून शासन व पंचायती यांच्या मालकीच्या, १५ वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. म्हणून मुदत जवळ आलेल्या वाहनावर खर्च करावा की नाही, असा प्रश्न सदस्य विचारतात, व तो योग्यही आहे. मोठ्या सजावटीचा खर्च अवश्य टाळावा. परंतु जोवर वाहनात मुले अथवा रुग्ण बसत आहेत, तोवर ब्रेक, टायर, स्टिअरिंग व धक्काशामक यांत काटकसर करता येणार नाही. एवढाही खर्च परवडत नसेल, तर ते वाहन उभे करून ठेवणे अधिक श्रेयस्कर. मे महिन्यात, शाळा उघडण्यापूर्वी व पावसाने रस्ते खराब होण्यापूर्वी, ही तपासणी करून घेतल्यास निर्णय घेण्यास पुरेसा अवधी मिळतो.