जमिनीबरोबर आलेलं तळं
(गणेशोत्सवात लोधीपुरा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हल्ली आपल्यापैकी अनेक घरांनी शहराबाहेर थोडीफार जमीन घेतली आहे. आम्हा भावंडांनीही सातपुड्याच्या बाजूला घेतली. बेशरम आणि घाणेरीचं रान तोडलं, तर मधोमध खोलगट जागा निघाली. कडेला रचलेले दगड, आणि भर वैशाखात गाळाखाली ओल! विक्रीखतात तळ्याचा उल्लेखही नव्हता.

जो तो म्हणाला, मुरूम टाकून बुजवा, आणखी आठशे केळी बसतील. कर्जाचे हप्ते चालू असताना आठशे केळी म्हणजे थोडकी रक्कम नव्हे. घरात दोन मतं पडली. शेवटी तळं ठेवायचं ठरलं, आणि ते आपल्या बुऱ्हाणपूरकडे पाहूनच.

आपला कुंडी भंडारा आठवा. १६१५ साली, जहांगीराच्या काळात, अब्दुर्रहीम खानखानानं तो बांधवला. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकतं, ते वाटेतच अडवलं. भुयारं खोदली, वर शंभराहून अधिक कुंड्या ठेवल्या आणि नुसत्या उतारावर पाणी शहरात आणलं. ना पंप, ना वीज. पण डोंगराकडे पाणी मुरलं, तरच खाली कुंडीत येणार. पाणी मुरण्याच्या जागा बुजवत गेलो आणि बोअर खोल नेत राहिलो, तर केळीला पाणी आणायचं कुठून?

आमच्या नोकरीतल्या आणि पदविकेच्या शिदोरीतून तीन गोष्टी सांगतो.

पहिली, पटवाऱ्याकडे खसरा, नकाशा आणि निस्तार पत्रक पाहा. तळं गावाचं निघालं तर ते आपलं नाही. सार्वजनिक तळी राखलीच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ सालीच बजावलं आहे. आमचं तळं खासगी निघालं, म्हणून पुढं हात लावला.

दुसरी, वरचा गाळ काढून शेतात पसरा. मशीन लावून तळ मात्र खरवडू नका. खालचा चिकणमातीचा थर फुटला तर पाणी टिकत नाही.

तिसरी, पाणी येण्याची वाट आणि सांडवा, दोन्ही मोकळे ठेवा. सांडवा बुजला तर पहिल्याच मोठ्या पावसात पाळ फुटते.

जमीन घेताना आपण रस्ता विचारतो, वीज विचारतो. यापुढे पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठं थांबतं, हेही विचारू या. आपल्या ज्येष्ठांना जुनी तळी ठाऊक आहेत. ते आहेत तोवर त्यांची नावं लिहून ठेवू या.

गणपती बाप्पा मोरया!