तुळशीखालची माती
(मंडळाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी मी या समारंभात चहाच्या भांड्यांपाशी उभी असते. यंदा अध्यक्षीणबाईंनी मला या टेबलापाशी उभे केले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार करणारी बाई. माझ्यापाशी मोठी विद्वत्ता नाही. पण आपण मंडळातर्फे औषधी वनस्पतींची बाग करावयाचे ठरविले, तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचीत आले आणि जाणत्यांना विचारीत आले. त्यातले चार शब्द आज आपल्यापुढे ठेवते.

आपल्यापैकी कोणाच्या घरी तुळस नाही? पोराला खोकला झाला की तुळस, आले, गवती चहा यांचा काढा. छाती भरली की अडुळसा. बाळ जन्मले की सहाणेवर हळकुंड, सुंठ, वेखंड उगाळून गुटी. डॉक्टरकडे आपण नंतर जातो, आधी अंगणात जातो. म्हणूनच त्या अंगणातल्या मातीकडे एकदा नीट पाहायला हवे.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? तीच उलटी करून पाहा. आडात जे आहे ते पोहऱ्यात आल्यावाचून राहील का? मातीत शिसे, कॅडमियम, पारा किंवा सोमल असेल, तर ते कमीअधिक प्रमाणात झाडात येतेच. झाड टवटवीत दिसते, पानाला वास तोच येतो, चवही तीच. डोळ्यांना काही कळत नाही. आणि काढा कितीही उकळला तरी धातू जळत नाही. उलट पाणी आटते आणि धातू खाली राहतो. जंतू मरतात, शिसे मरत नाही.

हे मातीत येते कोठून? पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे घालीत. आपल्या देशात ते २००० साली बंद झाले. परंतु आधीच्या कित्येक वर्षांत गाड्यांच्या धुरातून जे रस्त्याकडेच्या मातीवर बसले, ते वरच्या चारसहा बोटे थरात अजून आहे. शिसे पावसाने सहजासहजी वाहून जात नाही आणि कुजतही नाही. जुन्या भिंतींचा आणि दारांचा रंग खरवडला की त्याचे पापुद्रे कुंडीत पडतात. घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ साली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. बॅटऱ्यांची दुरुस्ती जेथे चालते तेथली माती तर सर्वांत वाईट. टायर किंवा रंगविलेले लाकूड जाळून झालेली राख आपण खत म्हणून घालतो, तीही तशीच.

आता मी जे बोलणार आहे त्याचा कोणी राग मानू नये. आपण तुळशीला हळदकुंकू वाहतो. ते बुंध्याशी मातीत पडते. अस्सल कुंकू हळदीचे असते, त्याला माझी हरकत नाही. पण शेंदूर म्हणजे शिशाचाच प्रकार, आणि बाजारातल्या भडक लाल पुडीत काय असते ते पुडी सांगत नाही. गणपतीचे विसर्जन आपण हल्ली घरी बादलीत करतो. फार चांगले करतो. मात्र रंगविलेल्या मूर्तीचे ते पाणी तुळशीत ओततो आणि त्याच तुळशीचे पान तीर्थात घालतो, नातवाच्या काढ्यात घालतो! श्रद्धा सोडा असे मी मुळीच म्हणत नाही. मूर्ती शाडूची, बिनरंगाची किंवा हळद-गेरूच्या रंगाची आणावी. रंगीत मूर्तीचे पाणी फुलझाडांना घालावे. कुंकू वृंदावनाच्या दगडाला लावावे. देवाची पूजा होते, आणि पोराच्या पोटात शिसे जात नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशाने काय होते? बायांनो, मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढे अंगात मुरते, त्याच्या चारपाच पट लहान मुलाच्या अंगात मुरते. ते मेंदूवर बसते. मूल अभ्यासात मागे पडते आणि आपण त्याला आळशी म्हणून रागे भरतो. बाईच्या अंगात गेलेले शिसे हाडांत साठून राहते आणि गरोदरपणी हाडांतून सुटून गर्भाला पोहोचते. आईने कुमारपणी खाल्लेले बाळाला भोगावे लागते.

कॅडमियमची गोष्ट जपानातली आहे. तेथे तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. वरच्या अंगाला जस्ताची खाण होती. खाणीचे पाणी नदीत, नदीचे पाणी भातशेतीत. ते तांदूळ वर्षानुवर्षे खाऊन माणसांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ झाली. दुखणेकरी बहुतेक आपल्यासारख्या बाया, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, पुष्कळ बाळंतपणे झालेल्या. नुसते खोकल्याने हाड मोडे. त्या दुखण्याला नावच पडले ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतं गं, दुखतं’. १९६८ साली तेथील सरकारने कारण मान्य केले. पुढे ती शेतजमीन सुधारण्याचे काम तीस वर्षांहून अधिक चालले, ते २०१२ साली पुरे झाले. माती बिघडायला वेळ लागत नाही, ती सुधारायला एक पिढी जाते.

आयुर्वेदात नागभस्म आहे, पारा आहे, मग मातीतल्याला का भ्यावे, असेही एका मैत्रिणीने मला विचारले. भस्माच्या वादात मी पडत नाही, तो वैद्यांचा विषय. पण मातीतल्या शिशाला ना शोधन, ना मात्रा, ना वैद्य. आपल्या सरकारच्या नियमांत वनौषधीच्या औषधात किलोमागे शिसे १० मिलिग्रॅम, सोमल ३, पारा १ आणि कॅडमियम तर ०.३ मिलिग्रॅम, याहून अधिक चालत नाही. परदेशी जाणाऱ्या मालाची ही तपासणी २००६ पासून सक्तीची आहे. परक्यांच्या पोटाची एवढी काळजी, तर घरच्या पोटाची नको का?

आता आपल्या बागेविषयी. रस्त्याच्या कोपऱ्यावरची मोकळी जागा आपल्याला फुकट मिळते आहे, याचा सर्वांना आनंद आहे. देणाऱ्यांचे उपकारच आहेत. परंतु तेथे पुष्कळ वर्षे बॅटऱ्यांची दुरुस्ती चाले, हे आपण सर्वजणी जाणतो. त्या मातीत शतावरी लावून ती बाळंतिणीला द्यावी, हे माझ्या मनाला पटत नाही. माझी सूचना अशी:

एक, माती तपासून घ्यावी. शेतकऱ्यांना मिळते त्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त वगैरे असते. शिसे आणि कॅडमियम नसते. ते प्रयोगशाळेत वेगळे सांगून, वेगळे पैसे भरून तपासावे लागते. भिशीतून तेवढे निघतील.

दोन, अहवाल येईपर्यंत तेथे शोभेची फुलझाडे लावावी. औषधी रोपे मंडळाच्या खोलीमागे, रस्त्यापासून दूर, विटांचे दीड फूट उंच वाफे करून नवीन मातीत लावावी. माती कोठून आली हे विचारल्यावाचून गाडी उतरवून घेऊ नये.

तीन, शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत भरपूर घालावे. ते धातू धरून ठेवते, मुळांना सहज मिळू देत नाही. आपल्या काळ्या मातीत हा गुण जात्याच आहे. ज्यांची माहेरे कोकणात आहेत त्यांनी सांगावे की तांबड्या, आंबट मातीतून कॅडमियम लवकर झाडात चढते. तेथे थोडा चुना घालावा.

चार, ब्राह्मी नाल्याकाठची कधीही खुडू नये. ती पाण्यातले धातू इतके ओढते की घाण पाणी स्वच्छ करण्यासाठी शास्त्रज्ञ तिचा अभ्यास करतात. जी पाणी गाळते, तिची चटणी आपण कशी खावी?

पाच, पाने दोनतीन पाण्यांनी धुवावी. बरेचसे शिसे धुळीच्या रूपाने पानावर असते, ते जाते. कंदमुळे घासून, साल काढून घ्यावी. गुटीची मुळे तर आधी धुतल्यावाचून सहाणेला लावू नयेत.

भगिनींनो, जागा नाकारावी असे मी म्हणत नाही. आधी पारखावी, मग पेरावे, एवढेच म्हणते. सोने घेताना आपण कसोटी लावतो. औषधाच्या मातीला का लावू नये? येत्या सभेत हा ठराव मी मांडणार आहे. आपण सर्वजणींनी त्याला अनुमोदन द्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.